मोटारीचे तिसरे पेडल

जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्या मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो, आणि तो निघाला की मंडळींत हटकून दोन तट पडतात. कारखान्यातून स्वयंचलित गिअर घेऊन बाहेर पडलेली जुनी मोटार हातगिअरची करावी की करू नये, हा तो प्रश्न होय. एका पक्षाचे म्हणणे असे की, स्वयंचलित गाडीत चालक हा निम्मा उतारूच होऊन बसतो. दुसरा पक्ष म्हणतो, वस्तू जशी घडली तशी राखणे याचेच नाव जतन. ज्यास हातगिअर हवा त्याने हातगिअरची गाडी शोधावी. हा छांदिष्टांचा वाद म्हणून सोडून देता आला असता. परंतु हा बदल प्रत्यक्षात कसा करतात हे पाहू गेल्यास, इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते याचे जे ज्ञान होते, ते पुस्तकातील आकृतीवरून क्वचितच होते. शिवाय या कामात हयगय झाली तर गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून या कामाची थोडी सविस्तर माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

उदाहरणादाखल आपण अमेरिकेतील एक प्रसिद्ध गाडी घेऊ. फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ ही मोटार १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली, आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच तिची विक्री दहा लाखांवर गेली. इतक्या संख्येने खपलेली गाडी असल्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात. दुसरे असे की, हीच गाडी तीन गिअरांची, चार गिअरांची किंवा स्वयंचलित अशी ग्राहक मागेल तशी मिळत असे. त्यामुळे एकीचे भाग दुसरीला बसविण्याची सोय तिच्या घडणीतच आहे. पुढील सर्व विवेचन आठ सिलिंडरांच्या, २८९ घन इंचांच्या, म्हणजे सुमारे ४.७ लिटरच्या इंजिनाच्या १९६५ च्या मस्टँगला धरून आहे. सहा सिलिंडरांच्या गाडीचे भाग निराळे असतात.

आपल्याकडील जुन्या पिढीला हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५८ पासून २०१४ पर्यंत निघालेली अँबॅसडर घ्या, अथवा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी घ्या. मोटार म्हटली की पायाशी तीन पेडले असावयाचीच. अमेरिकेत मात्र डावा पाय रिकामा ठेवण्याची सवय लोकांना फार लवकर लागली. ओल्ड्समोबिल गाडीच्या १९४० च्या नमुन्यात ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन लष्कराच्या हलक्या रणगाड्यांतही बसविण्यात आला. रणगाड्यात जे टिकले ते दूध-भाजी आणणाऱ्या गाडीत टिकेलच, अशी लोकांची खात्री पटली असल्यास नवल नाही. फोर्ड कंपनीने आपला पहिला स्वयंचलित गिअरबॉक्स १९५१ च्या गाड्यांत दिला.

आता मुळात गिअर लागतो कशाला, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनाचा एक मोठा दोष असा की, ते थांबलेल्या अवस्थेत मुळीच ओढत नाही. वाफेचे इंजिन पहिल्या क्षणापासून जोर लावते. पेट्रोलचे इंजिन आधी स्वतः फिरत असावे लागते, आणि पुरेसा जोर यायला त्याने मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्या तरी घ्याव्या लागतात. इकडे गाडीची चाके तर स्थिर उभी. फिरणाऱ्या इंजिनाला न फिरणाऱ्या चाकांशी धक्का न बसता जोडावयाचे, आणि जोडल्यावर गती कमी करून जोर वाढवावयाचा, अशी ही दोन कामे आहेत. हातगिअरच्या गाडीत पहिले काम क्लच करतो व दुसरे गिअरबॉक्स.

क्लचची रचना सोपी आहे. इंजिनाच्या मागच्या टोकास फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्या सपाट पृष्ठावर, घर्षण करणारे अस्तर लावलेली क्लच प्लेट, आणि तिच्यावर स्प्रिंगांच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट. पेडल वर असले की ही तिन्ही एकजीव होऊन फिरतात. पेडल दाबले की स्प्रिंगांचा जोर निघतो, आणि मधली प्लेट मोकळी होते. पेडल हळूहळू सोडताना ती प्रथम घसरत व मग धरत जाते, आणि या घसरण्यातच गाडी हलक्या अंगाने निघते. नवशिक्या चालकाची गाडी आचके देत निघते ती एवढ्याचसाठी की, त्याच्या पायाला ही घसरण्याची मर्यादा अजून उमगलेली नसते.

स्वयंचलित गाडीत या क्लचच्या जागी तेलाने भरलेले एक बंद भांडे असते. त्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. येथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, इतकाच भेद. इंजिनाशी जोडलेले पात्यांचे चाक तेल बाहेर फेकते, ते तेल दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर आदळून त्यास फिरविते, आणि तेथून परत येताना मध्ये बसविलेले तिसरे लहान चाक त्याची दिशा वळवून ते पुन्हा पहिल्याच्या मदतीस पाठविते. या तिसऱ्या चाकामुळे एक चमत्कार घडतो. गाडी जागची हलत असताना पिळाचा जोर इंजिनाच्या जोरापेक्षा वाढून मिळतो. गती आली की हा लाभ ओसरतो, आणि दोन्ही चाके जवळजवळ एकाच वेगाने फिरू लागतात. तरी थोडी घसरण उरतेच, व तेवढी शक्ती तेल तापविण्यात खर्ची पडते. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले ते जहाजांकरिता. मोटारीत ती पुष्कळ नंतर आली.

कन्व्हर्टरच्या मागे दंतचक्रांची पेटी असते. मस्टँगमधील तीन गतींच्या स्वयंचलित पेटीचे कारखान्यातील नाव ‘सी-४’ असे आहे. तिच्यात मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे, आणि सर्वांना वेढणारे आतल्या बाजूस दाते असलेले कडे, अशी मांडणी असते. यांतील एखादे चक्र पट्ट्याने आवळून धरले की गती बदलते. हे आवळण्याचे काम तेलाच्या दाबावर, आपोआप होते. गंमत अशी की, १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल-टी गाडीतही अशीच ग्रहचक्रे आणि असेच पट्टे होते; फक्त ते आवळावयाचे काम चालकाच्या पायाकडे होते.

या पेटीच्या जागी बसवावयाचा चार गिअरांचा हातगिअरबॉक्स ‘टॉपलोडर’ या नावाने ओळखला जातो. त्याची चक्रे आत बसविण्याचे झाकण वरच्या बाजूस असते, म्हणून हे नाव. त्याचे कवच बिडाचे, दणकट असते, आणि पुढे जाण्याच्या चारही गिअरांना सिंक्रोमेश आहे. म्हणजे दात एकमेकांत शिरण्यापूर्वी दोन्ही चक्रांचे वेग पितळी कड्यांच्या घर्षणाने सारखे केले जातात. हा बॉक्स दोन प्रकारांत मिळतो, आणि त्यांतील कोणता घ्यावा येथेच पुष्कळांची फसगत होते. थोडे गणित केले तर ती होणार नाही.

सी-४ चा पहिला गिअर २.४६ पट जोर वाढवितो. टॉपलोडरच्या एका प्रकारात पहिला गिअर २.७८ पटीचा व दुसऱ्या प्रकारात २.३२ पटीचा आहे. मागच्या आसातील चक्रे आणखी तीनपट जोर वाढवितात असे धरा. स्वयंचलित गाड्यांत हा आकडा साधारण तेवढाच असे. आता वरवर पाहणारा म्हणेल की, २.४६ आणि २.३२ यांत अंतर ते किती! परंतु कन्व्हर्टरला तो विसरला. गाडी निघतेवेळी कन्व्हर्टर जोर सुमारे दुप्पट करतो. म्हणून स्वयंचलित गाडीत चाकाला मिळणारी वाढ २.४६ गुणिले ३ म्हणजे ७.३८ आणि त्याची दुप्पट, अशी जवळजवळ पावणेपंधरा पट असते. टॉपलोडरच्या पहिल्या प्रकारात ती ८.३४ पट, आणि दुसऱ्यात अवघी ६.९६ पट. म्हणजे मागचा आस तोच ठेवून २.३२ चा बॉक्स बसविला, तर गाडी चढावर निघताना चालकास क्लच फार वेळ घसरवावा लागेल, आणि प्लेटचे अस्तर जळाल्याचा वास काही दिवसांतच येऊ लागेल. शर्यतीच्या मैदानावर, जेथे गाडी क्वचितच थांबते, तेथे २.३२ चा प्रकार शोभतो. गावातून फिरणाऱ्या गाडीस २.७८ चाच बरा. आणि तोही पुरेसा न वाटल्यास आसातील चक्रे बदलावी लागतात. जोर वाढविणारे एक यंत्र आपण गाडीतून काढून टाकीत आहोत, ही गोष्ट गणित मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही.

पुष्कळ लोक टॉपलोडरऐवजी १९८० नंतरच्या मस्टँग गाड्यांतील पाच गिअरांचा ‘टी-५’ हा बॉक्स बसवितात. त्याच्या पाचव्या गिअरमध्ये मागचा दंड इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो. त्यामुळे लांबच्या प्रवासात इंजिन शांत चालते आणि पेट्रोल वाचते. रोज वापरण्याच्या गाडीस तो सोयीचा खरा. तथापि १९६५ च्या गाडीत १९६५ चेच भाग असावेत असे ज्यास वाटते, त्याचे समाधान टॉपलोडरनेच होईल, आणि माझेही मत त्याच बाजूचे आहे.

प्रत्यक्ष काम गाडी उचलण्यापासून सुरू होते. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती भक्कम घोड्यांवर टेकविलेली असली पाहिजे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाता कामा नये. बॅटरीची तार सोडवून, मग तेल काढून, प्रोपेलर शाफ्ट उतरवितात. कन्व्हर्टर ज्या पातळ पोलादी तबकडीला जोडलेला असतो तिचे चार नट खालचे झाकण काढून, इंजिन हाताने थोडे थोडे फिरवीत, एकेक करून सोडवावे लागतात. ते विसरून पेटी मागे ओढण्याचा प्रयत्न झाला, तर तबकडी वाकते आणि कन्व्हर्टरमधील सगळे तेल अंगावर येते. इंजिनाच्या मागच्या बाजूस आधार देऊनच पेटी उतरवावयाची असते, कारण तिला धरणारा आडवा आधार काढल्यावर इंजिन मागच्या बाजूने लोंबकळते. ही पेटी वा तिच्या जागी येणारा बॉक्स एकट्याने छातीवर घेण्यासारखा मुळीच नाही; दोन माणसे आणि पेटीखाली लावावयाचा जॅक, हे पाहिजेच.

आता फ्लायव्हील. माझ्या दृष्टीने सर्व कामांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि दुकानात सर्वांत कमी प्रश्न विचारले जातात तेही हिच्याविषयीच. या जातीच्या इंजिनाचा समतोल इंजिनाच्या आत पुरा केलेला नसतो; त्याचा काही भाग पुढच्या चाकावर व काही भाग मागच्या फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेल्या एकांगी वजनाने साधलेला असतो. म्हणजे हे फ्लायव्हील जाणूनबुजून एका बाजूस जड केलेले असते. १९६५ च्या इंजिनास हे जडत्व सुमारे २८ औंस-इंच लागते. मध्यापासून एक इंचावर सुमारे ८०० ग्रॅम वजन ठेवावे, तितके. फोर्डने पुढे १९८० नंतरच्या दशकातील अशाच दिसणाऱ्या इंजिनांना ५० औंस-इंचांचे फ्लायव्हील दिले. दोन्ही दिसावयास जवळजवळ सारखी, आणि दोन्ही त्याच सहा बोल्टांवर बसतात. चुकून नवे चाक जुन्या इंजिनास लागले तर काय होईल? २२ औंस-इंचांचा फरक मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असताना इंजिनाच्या दंडाला प्रत्येक फेरीत सुमारे १६० किलो वजनाइतका हिसका देतो. फेऱ्या ६००० झाल्या की हा हिसका चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा हिसक्यापुढे बेअरिंगे किती दिवस टिकतील, याचा हिशेब कोणीही करावा. बोल्टांच्या सहा भोकांपैकी एक भोक जरासे बाजूला सरकविलेले असते, ते अशासाठी की चाक एकाच रीतीने बसावे आणि त्याची जड बाजू चुकीच्या जागी येऊ नये. कारखान्याने एवढी खबरदारी घेतली. योग्य आकड्याचे चाक विकत घेण्याची खबरदारी मात्र घेणाऱ्यानेच घ्यावयाची आहे.

जुने फ्लायव्हील वापरावयाचे असल्यास त्याचा पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करवून घ्यावा, आणि त्यास तडा आहे की काय हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. बिडाचे चाक वेगात असताना फुटले, तर त्याचे तुकडे भोवतालच्या हलक्या अल्युमिनियमच्या बेलहाउसिंगमधून आरपार जातात, आणि चालकाचे पाय त्याच्या अगदी समोर असतात. शर्यतीच्या गाड्यांना पोलादी बेलहाउसिंग बसवितात ते याचकरिता.

इंजिनाच्या दंडाच्या टोकाशी मध्यभागी एक खोलगट भोक असते. स्वयंचलित गाडीत त्यात कन्व्हर्टरचे नाक टेकते. हातगिअरच्या गाडीत तेथे एक लहान बूश ठोकून बसवावा लागतो, आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या दंडाचे टोक त्यात फिरते. बोटाच्या पेराएवढा हा बूश विसरला, तर सारे काम पुन्हा उतरवावे लागते. क्लच प्लेट बसविताना ती या बुशाशी एका रेषेत यावी म्हणून लाकडाचा वा प्लास्टिकचा खोटा दंड मधून घालतात, प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळतात, आणि मग तो दंड काढून घेतात.

बेलहाउसिंगविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक अशी की, आरंभीच्या इंजिनांना बेलहाउसिंगचे पाच बोल्ट असत व १९६५ च्या नमुन्याच्या काळात ते सहा झाले. तेव्हा विकत घेण्याआधी आपल्या इंजिनाची भोके मोजावीत. इंजिन आणि बेलहाउसिंग यांच्यामधला पातळ पत्राही स्वयंचलित व हातगिअरच्या गाड्यांत निराळा असतो, आणि स्टार्टरची जागा तोच ठरवीत असल्याने तो बदलावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एका इंजिनासाठी घडलेले बेलहाउसिंग दुसऱ्या इंजिनावर बसविले, की त्याच्या मागच्या मोठ्या भोकाचा मध्य इंजिनाच्या दंडाच्या मध्याशी जुळेलच असे नाही. म्हणून फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून, त्याचे टोक त्या भोकाच्या कडेला टेकवून, इंजिन हाताने एक फेरी फिरवितात. काट्याचा एकंदर फरक जितका, त्याच्या निम्मे अंतर मध्य सरकलेला असतो. हे अंतर इंचाच्या पाच हजारांशांपेक्षा जास्त नसावे. जास्त भरल्यास बेलहाउसिंगची जागा ठरविणाऱ्या खुंट्या काढून त्यांच्या ठिकाणी किंचित वाकड्या मध्याच्या खुंट्या घालतात. केसाच्या जाडीइतक्या या अंतराकडे दुर्लक्ष केल्यास गिअर अडकू लागतात, बूश झिजतो, आणि लोक मात्र गिअरबॉक्सला दोष देत बसतात.

पेडलांचे काम गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली, पाठीवर उताणे पडून करावयाचे असल्यामुळे ते सर्वांत कंटाळवाणे. स्वयंचलित मस्टँगमध्ये ब्रेकचे पेडल रुंद असते, दोन्ही पायांना पुरेल असे. ते काढून अरुंद पेडल घालावे लागते. परंतु नुसते क्लचचे पेडल शेजारी टांगून भागत नाही; क्लचच्या पेडलाचा दांडा आधाराच्या चौकटीतून आरपार जातो आणि ब्रेकचे पेडल त्याच दांड्यावर झुलते. म्हणून चौकटीसह सगळा संच बदलणे भाग पडते. येथे एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. या कामात ब्रेकच्या पेडलाला हात लागलेला असतो. तेव्हा त्याची पिन, तिची चावी, आणि मागचा ब्रेकचा दिवा लावणारे बटण ही पुन्हा तपासल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. गिअर बिघडला तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही.

क्लचच्या पेडलाचा दाब इंजिनाकडे नेण्यासाठी या गाडीत तेलाची नळी वा तार नसून दांड्यांची साखळी आहे. एक दांडा पत्र्यातून पुढे जातो. इंजिन आणि गाडीची चौकट यांच्या दरम्यान एक आडवा दंड दोन टोकांवर झुलत असतो, तो हा दाब घेऊन दुसऱ्या दांड्याने क्लचच्या काट्याकडे पोचवितो. शेवटी असलेल्या बोल्टाने पेडलाची मोकळी चाल जुळवितात. ती सुमारे एक इंच असावी. चाल मुळीच ठेवली नाही तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून लवकर खराब होते. फार ठेवली तर क्लच पुरा सुटत नाही, आणि रिव्हर्स टाकताना दात करकरतात.

उरलेली कामे लहान असली तरी यादी मोठी आहे. स्वयंचलित गाडीचा दांडा जमिनीच्या पत्र्यावर बसविलेला असतो, तर हातगिअरचा दांडा गिअरबॉक्सवरच असून इंजिनाबरोबर हलतो. म्हणून त्याच्यासाठी पत्र्यातील भोक मोठे करून वर रबराची टोपी घालतात. सी-४ ला इंजिनातून हवेच्या पोकळीची एक नळी गेलेली असते. पेटी काढल्यावर तिचे तोंड बंद केले नाही, तर इंजिन त्या वाटेने फुकटची हवा ओढते व मंद गतीवर थडथडू लागते. तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे गेलेल्या दोन नळ्या काढून तेथे बुचे लावावीत. प्रोपेलर शाफ्टची लांबी, नवा बॉक्स जागेवर बसल्यानंतर, मोजून पाहावी. स्पीडोमीटरचे लहान चक्र मागच्या आसाच्या प्रमाणाला जुळणारे घालावे, नाहीतर काटा खोटे बोलू लागतो.

विजेच्या जोडणीतील एक तार मात्र इतरांसारखी समजू नये. स्वयंचलित गाडीत दांडा ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’वर असल्याशिवाय स्टार्टरला वीज मिळत नाही, त्यासाठी एक बटण मध्ये घातलेले असते. पेटीबरोबर ते बटण जाते, आणि बहुतेक मिस्त्री त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून मोकळे होतात. इंजिन सुरू होते खरे, परंतु आता ते कोणत्याही गिअरमध्ये सुरू होते. शेजारी कोणी लहान मुलाने किल्ली फिरविली, अथवा खुद्द मालकाने भिंतीसमोर उभ्या गाडीची किल्ली विसरून तशीच फिरविली, तर गाडी उडी घेते. त्या दोन तारा क्लचच्या पेडलाशी बसविलेल्या बटणाकडे नेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. मग पेडल पुरे दाबल्यावाचून स्टार्टर फिरत नाही. रिव्हर्सच्या दिव्याच्या ताराही अशाच नव्या बॉक्सवरील बटणाला जोडतात.

‘पार्क’ गेल्याने आणखी एक गोष्ट बदलते, आणि वर्षानुवर्षे स्वयंचलित गाडी वापरलेल्या माणसास ती सहसा सुचत नाही. सी-४ मध्ये दांडा ‘पार्क’वर आला की एक पोलादी खिट्टी मागच्या दंडाच्या दात्यांत अडकून गाडी जखडून ठेवते. त्या भरवशावर लोक हँडब्रेक वापरीतच नाहीत, आणि त्याची तार गंजून आखडलेली असते. हातगिअरच्या गाडीत अशी खिट्टी नाही. उतारावर गाडी धरून ठेवावयास हँडब्रेक, आणि त्याच्या जोडीला गिअरमध्ये ठेवलेले थंड इंजिन, एवढेच उरते. म्हणून हँडब्रेकची तार सोडवून, वंगण देऊन, प्रसंगी बदलून, खऱ्या चढावर गाडी उभी करून पाहणे हा या कामाचाच भाग मानला पाहिजे. घरातील जी माणसे ती गाडी चालवितात, त्या सर्वांना हे सांगून ठेवावे.

बॉक्समध्ये गिअरचे जाड तेल बाजूच्या बुचाच्या भोकापर्यंत भरतात. पहिली फेरी जवळच्या, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर, हळू घ्यावी, आणि परत आल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. क्लचच्या नव्या अस्तरास बसावयाला काही दिवस लागतात. तोवर जोराने गाडी हाकू नये.

इतके झाल्यावर मूळच्या वादाविषयी चार शब्द. मस्टँगच्या चालकाच्या बाजूच्या दारावर एक पत्र्याची पट्टी असते. तीवर गाडीचा रंग, आस, गिअर इत्यादींचे संकेत कारखान्यात ठोकलेले असतात. १९६५ च्या पट्टीवर स्वयंचलित पेटीसाठी ६ आणि चार गिअरांच्या बॉक्ससाठी ५ हा आकडा आहे. हातगिअरच्या जुन्या गाडीला अधिक किंमत येते म्हणून काही लोक ही पट्टीच बदलतात, आणि बदललेली गाडी मूळची म्हणून विकतात. गिअर बदलणे हा मालकाचा अधिकार मी मान्य करतो. परंतु पट्टीवरचा ६ खोडून ५ करणे ही सरळ लबाडी आहे. गाडी जर कारखान्यातून आली तशीच, एकही भाग न बदलता आजवर राहिली असेल, तर तिला हात लावू नये असे मला वाटते. अशा गाड्या वर्षागणिक कमीच होत जाणार. जिची पेटी आधीच निकामी झालेली आहे, किंवा जिच्यात पूर्वीच बरेच फेरफार झाले आहेत, तिच्या बाबतीत हरकत घेण्यासारखे फारसे काही उरत नाही.

त्यातही काढलेले भाग भंगारात घालू नयेत. सी-४ पेटीत थोडे तेल राहू द्यावे, नळ्यांची व मागच्या दंडाची तोंडे बुचांनी बंद करावीत, म्हणजे आत ओल आणि धूळ जात नाही. कन्व्हर्टर पेटीतून सुटून पडू नये म्हणून तो पट्टीने बांधावा. रुंद पेडल, जुनी पोलादी तबकडी, मधला पत्रा, जमिनीवरचा दांडा आणि सगळे नट-बोल्ट एका पेटीत घालून, कोणता कुठला हे चिठ्ठीवर लिहून, त्याच गाडीच्या नावाने ठेवावेत. आणि गाडी पुढे कोणाला दिली तर ती पेटीही तिच्याबरोबर द्यावी.